साहेबांची बदली झाल्यावर

सुरतेला पाहुणे आले की त्यांना रिंगरोडवरची कापड मार्केटं दाखवतात, डुमसला नेऊन टोमॅटोची भजी खायला घालतात, फारच उत्साह असला तर हिऱ्यांचं काम चालतं त्या वराछाला एक फेरी होते. बमरोलीचं सांडपाणी दाखवायला कुणी नेत नाही. खरं तर न्यायला हवं.

बमरोली ही शहराच्या दक्षिणेकडची, पांडेसरा-उधन्याच्या शेजारची वस्ती. यंत्रमागांचे कारखाने, आणि मागांवर, गिरण्यांत, रिक्षांवर पोट भरणारी ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहारकडची आणि आपल्या खानदेशातली माणसं. भुसावळ-सुरत मार्गावरच्या गाडीनं येऊन उधन्याला उतरलेल्या धुळे-जळगाव-नंदुरबारकडच्या कुटुंबांनी या सगळ्या पट्ट्यात बिऱ्हाडं थाटली, मुलांची लग्नं इथंच केली. बाजारात अहिराणी सहज कानावर पडते. इथं महापालिकेचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे आणि 2014 पासून त्याच्या पुढच्या टप्प्याचा 40 एमएलडीचा, म्हणजे दिवसाला 4 कोटी लिटरचा प्रकल्प आहे. शहराच्या न्हाणीघरांतून आणि संडासांतून आलेलं पाणी नेहमीची प्रक्रिया झाल्यावर इथं अतिसूक्ष्म गाळणीतून आणि आरओतून जातं आणि पांडेसरा औद्योगिक वसाहतीतल्या रंगाई-छपाईच्या गिरण्यांना विकलं जातं. गिरणीला बॉयलरसाठी आणि रंगाईसाठी कमी क्षारांचं पाणी लागतं, ते मिळतं. तेवढं तापीचं पाणी पिण्यासाठी वाचतं. आणि महापालिकेच्या खात्यावर पैसे जमा होतात.

एखादी महापालिका मैलापाण्याचा धंदा करू शकते हे ऐकून आपल्याकडच्या नागरिकाला नवल वाटेल. पण हीच महापालिका या प्रकल्पाच्या वीसच वर्षं आधी अशा अवस्थेत होती की सुरतेहून आलेल्या माणसाला घरात घ्यायला नातेवाईक घाबरत होते. ही मजल कशी मारली गेली, यात माणसं हाताळण्याचे, संस्था चालवण्याचे काही धडे आहेत. दुकान चालवणाऱ्यापासून शाळेच्या मुख्याध्यापकापर्यंत कुणालाही उपयोगी पडतील असे.

1994 ची सुरत

ऑगस्ट 1994 च्या अखेरीस बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठींच्या प्लेगची बातमी आली. त्यानंतर महिन्याभरातच, सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, सुरतेच्या वेडरोड-कतारगाम भागात न्यूमोनियासारखी लक्षणं असलेले रुग्ण दगावू लागले. त्याआधी तापीला पूर येऊन गेला होता. सखल वस्त्यांत पाणी साचलेलं, कचरा कुजलेला, मेलेली जनावरं पडलेली. फुफ्फुसाचा प्लेग म्हटल्यावर शहर उठलं. कित्येक खासगी डॉक्टरांनी दवाखान्यांना कुलपं लावली. टेट्रासायक्लिन दिसेनासं झालं. चार-पाच दिवसांत लाखो माणसांनी मिळेल त्या गाडीनं शहर सोडलं. साथीत पन्नासहून अधिक माणसं गेली. आकडा प्लेगच्या मानानं लहान, पण भीती इतकी की परदेशांनी भारतातून येणारी विमानं आणि माल अडवला.

मे 1995 मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले. 1996 मध्ये इनटॅक या संस्थेनं चंदीगडखालोखाल सुरतेला देशातलं दुसरं स्वच्छ शहर ठरवलं. माणसं तीच, कायदा तोच, खाडी तीच. रावांनी बाहेरून नवी फौज आणली नव्हती.

पण गोष्ट इथं संपत नाही, इथून सुरू होते. धडाडीच्या अधिकाऱ्यांच्या कहाण्या आपल्याकडं ढिगानं आहेत. साहेब येतो, अतिक्रमणं पाडतो, वर्तमानपत्रांत फोटो येतात, साहेबांची बदली होते आणि सहा महिन्यांत टपऱ्या जागच्या जागी. रावांचीही 1997 मध्ये बदली झाली. ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणाच्या विसर्गानं शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. तो पूर 1994 च्या पुराहून कितीतरी मोठा; पण पाणी ओसरल्यावर प्लेग परतला नाही. त्याच वर्षी हद्दवाढ होऊन शहर सुमारे 112 चौरस किलोमीटरवरून 326 चौरस किलोमीटरवर गेलं, म्हणजे जवळजवळ तिप्पट झालं. तरी यंत्रणा कोलमडली नाही. 2014 मध्ये बमरोलीचा प्रकल्प आला. 2023 च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरतेनं इंदूरबरोबर पहिला क्रमांक वाटून घेतला. रावांच्या जाण्याला तेव्हा पाव शतक उलटलं होतं. म्हणून विचारायचं ते हे, की साहेबांनी असं काय केलं, जे त्यांच्या मागं टिकलं?

अधिकार खाली उतरवणं

महाराष्ट्र आणि गुजरात एकाच मुंबई राज्यात होते तेव्हाचा 1949 चा प्रांतिक महानगरपालिका कायदा दोन्हीकडं वारशानं आला. त्यात कारभाराची सगळी सत्ता आयुक्ताच्या हाती एकवटलेली आहे. पण आपले अधिकार हाताखालच्या अधिकाऱ्यांना सोपवायची मुभाही त्याच कायद्यात आहे. ही मुभा बहुतेक आयुक्त चिमटीनं वापरतात. रावांनी ती ओंजळीनं वापरली. शहराचे सहा झोन, प्रत्येक झोनला एक प्रमुख, आणि त्या प्रमुखाला आपल्या हद्दीत आयुक्ताच्या तोडीचे प्रशासकीय आणि आर्थिक अधिकार.

कागदावर हा साधा आदेश वाटतो. प्रत्यक्षात काय बदलतं ते बघा. उधन्याच्या एखाद्या गल्लीत गटाराचं झाकण फुटलं. जुन्या रीतीत कनिष्ठ अभियंता टिपण लिहिणार, उपअभियंता त्यावर शेरा मारणार, लेखा विभाग तरतूद विचारणार, फाइल मुगलीसरातल्या मुख्य कचेरीत जाऊन पडणार. तोवर कुणाचा तरी पाय त्या भोकात जाणार. यात दोष कुणाचा, असं विचारलं तर प्रत्येकाकडं सहीचा पुरावा. नव्या रीतीत झोनप्रमुखाला परवानगी मागायची गरज उरली नाही, आणि त्याबरोबर सबबही उरली नाही.

आपल्याकडं बहुतेक संस्थांत जबाबदारी वाटली जाते, अधिकार वाटले जात नाहीत. हॉटेलच्या मॅनेजरनं गिऱ्हाईक सांभाळायचं, पण चहा गार निघाला तर बिलातून वीस रुपये कमी करायला मालकाला फोन. शाळेच्या पर्यवेक्षकानं शिस्त ठेवायची, पण खडूचा बॉक्स आणायला मुख्याध्यापकांची सही. असा माणूस हळूहळू विचार करायचं सोडतो आणि फक्त वर कळवत राहतो. मग मालक म्हणतो, "माझ्याशिवाय इथं पान हलत नाही." हे तो तक्रारीच्या सुरात म्हणतो; खरं तर ती त्यानंच लावलेली सवय असते.

अधिकार सोपवताना तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: हद्द कुठवर, खर्च किती, आणि चूक झाली तर काय. तिसरी गोष्ट सगळ्यांत अवघड. अधिकार देऊन पहिल्याच चुकीला चारचौघांत झाडलं, तर माणूस दुसऱ्या दिवसापासून पुन्हा फाइल वर पाठवायला लागतो. त्याचं चुकत नाही. वरिष्ठानं त्याला तेच शिकवलेलं असतं.

खुर्ची सोडणं

रावांच्या कारभाराला एक नाव पडलं होतं, 'एसी टू डीसी'. वातानुकूलित खोलीतून उठून रोजच्या कामावर, असा त्याचा अर्थ. सकाळचे तास अधिकाऱ्यांनी शहरात काढायचे: कचऱ्याच्या जागा, गटारं, झोपडपट्ट्या, खाणावळी बघत. दुपारी सगळ्यांनी एकत्र बसायचं आणि सकाळी दिसलेल्या अडचणी तिथल्या तिथं मोकळ्या करायच्या. हिशेब, आस्थापना अशा कागदी खात्यांतल्यांनाही यातून सूट नव्हती.

फिरतीचे दोन प्रकार असतात. एक पाहणी दौरा: आदल्या रात्री चुना टाकलेला रस्ता, हार, चहा-बिस्किटं, फोटो. त्यातून साहेबाला एवढंच कळतं की साहेब येणार असल्यावर रस्ता स्वच्छ होतो. दुसरी रोजची फेरी, जिच्यासाठी तयारी करणं कुणाला परवडतच नाही, कारण ती उद्याही आहे आणि परवाही. दुसऱ्या प्रकारच्या फेरीत माणूस बघायला शिकतो. उदाहरणार्थ, कापड बाजाराचा रस्ता दिवसा झाडता येत नाही. हातगाड्या, टेम्पो, गाठोडी वाहणारे हमाल, झाडूला जागाच नाही. म्हणून मुख्य रस्ते रात्री खरवडून झाडायची पद्धत सुरतेत सुरू झाली. झाडणारा कामचुकार आहे असा निष्कर्ष कचेरीत बसून काढता येतो; रस्त्यावर उभं राहिल्यावर कळतं की वेळ चुकीची आहे. कामात खोट दिसली की आधी कामाची मांडणी तपासावी आणि मग माणूस, हा क्रम निदान आपल्या गटापुरता तरी पाळावा.

धागा तुटला की माग थांबला पाहिजे

आता बमरोलीच्या मागाकडं येऊ, कारण पुढचा धडा तिथं उघड्या डोळ्यांनी बघता येतो.

कारखान्यात मागांच्या रांगा असतात आणि एकेका कारागिराकडं अनेक माग. आवाज इतका की बोलणं ओठांवरून ओळखायचं. मागं बीमवरून ताण्याचे हजारो धागे पुढं येतात, आडवा बाणा त्यांतून धावतो. ताण्यातला एखादा धागा तुटला आणि लक्षात आलं नाही, तर कापडात उभी चीर पडते आणि माग चालेल तितकी ती लांबत जाते. पुढं ताका तपासणीच्या टेबलावर जातो, खोट सापडते, माल कमी भावात काढावा लागतो. आता ज्या कारखान्यात खोटीसाठी मजुरी कापतात, तिथं काय होईल? कारागिराला मीटरवर पैसे. माग थांबवून धागा जोडावा तर मीटर कमी भरतात. खोट दाखवावी तर पैसे कापले जातात. शहाणा माणूस काय करेल? ताका गुंडाळेल आणि पुढं ढकलेल. खोट लपते, वाढते आणि व्यापाऱ्याच्या दुकानात जाऊन उघडी पडते. तेव्हा ती सर्वांत महाग पडते.

यावर जपानमध्ये साकिची टोयोडा या सुतारपुत्रानं तोडगा काढला. 1924 मधल्या त्याच्या स्वयंचलित मागाला धागा तुटल्याचं आपोआप कळायचं आणि माग जागच्या जागी थांबायचा. 1929 मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या मागांच्या बड्या कंपनीनं त्याचे हक्क विकत घेतले. त्याच घराण्यानं पुढं मोटारी बनवायला घेतल्या, ती टोयोटा. मागाचं ते तत्त्व मोटारींच्या कारखान्यात माणसांना लावलं गेलं: काम करताना काही बिघडलेलं दिसलं की साध्या कामगारानंही दोरी ओढावी, मुकादम धावत यावा, आणि अडचण तिथंच सुटली नाही तर सगळी रांग थांबावी. दोरी ओढणाऱ्याला दंड नाही.

सुरतेत प्लेगनंतर हेच वेगळ्या रूपात घडलं. 1994 मध्ये शहराला साथीची चाहूल लागली ती मृत्यूंनी. नंतर दवाखाने आणि इस्पितळांतून ताप, जुलाब, कावीळ यांच्या रुग्णांची माहिती रोज गोळा करायची व्यवस्था उभी राहिली. खासगी डॉक्टरांनाही त्यात जोडून घेतलं गेलं. एखाद्या वस्तीत जुलाबाचे रुग्ण दोनाचे सात झाले की पाण्याची लाइन तपासायला माणूस जाणार. नागरिकांच्या तक्रारींसाठी तातडीच्या आणि सवडीच्या अशा वेगवेगळ्या रंगांची कार्डं आली, प्रत्येकाला मुदत ठरली.

अशी व्यवस्था उभी करणं पैशाचं काम. ती जिवंत ठेवणं वरिष्ठाच्या स्वभावाचं. ज्या भागानं जास्त रुग्ण कळवले त्या भागाच्या अधिकाऱ्याला बैठकीत झोडपलं, की पुढच्या आठवड्यात रुग्ण कमी 'होतात'. रोग कमी होत नाही. म्हणून आकडा वाईट आल्याबद्दल कुणाला बोलू नये. आकडा दडवल्याबद्दल मात्र गय करू नये. घरातही हेच आहे. गणितात नापास झालेला मुलगा ज्या बापाला प्रगतीपुस्तक स्वतःहून दाखवतो, त्या बापानं काहीतरी बरोबर केलेलं असतं.

कडक असणं आणि निष्ठुर असणं

राव मवाळ नव्हते. रस्तारुंदीसाठी बांधकामं पडली, घाण टाकणाऱ्यांना दंड झाले, अस्वच्छ खाणावळी बंद झाल्या. तरी शहर त्यांच्यामागं राहिलं. याचं एक कारण क्रमात आहे: हातोडा आधी वजनदारांच्या बेकायदा बांधकामांवर पडला. बड्यांचं पडलेलं बघितल्यावर लहान दुकानदारांनी आपापल्या पायऱ्या आणि पत्रे स्वतःहून काढल्याच्या गोष्टी सुरतेत अजून सांगतात. दुसरं कारण, पाडण्याबरोबर देणंही होतं. झोपडपट्ट्यांत फरसबंदी झाली, पाणी आणि दिवे पोचले, सार्वजनिक शौचालयं उभी राहिली. सोसावं लागलंच नाही असं नाही. अशा मोहिमांत हातगाडीवाल्याचं नुकसान नेहमीच अधिक होतं, कारण त्याच्याकडं दुसरी जागा नसते. ते विसरून या कहाणीचं देवघर करू नये.

साथीच्या काळातली सक्ती मराठी माणसाच्या आठवणीत वेगळ्या रूपात कोरलेली आहे. 1897 च्या पुण्यात प्लेग समितीचा प्रमुख वॉल्टर चार्ल्स रँड यालाही रोग आवरायचा होता. रोग्यांना वेगळं ठेवणं ही कल्पना वैद्यकाच्या दृष्टीनं चुकीची नव्हती. पण घरझडतीला गोरे सोजीर पाठवले गेले, देवघरांत आणि माजघरांत बूट शिरले, बायकांची तपासणी झाली. लोकांच्या पुढाऱ्यांच्या तक्रारींना कुणी धूप घातली नाही. 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. रोग लपवला जाऊ लागला, हे त्या धोरणाचं मोठं अपयश. सुरतेत डॉक्टर माहिती देऊ लागले. पुण्यात घरच्यांनी रोगी कोठीच्या खोलीत दडवले. सक्ती दोन्हीकडं होती. एका ठिकाणी ती सगळ्यांना सारखी होती आणि तिच्याबरोबर सोय होती. दुसऱ्या ठिकाणी अपमान होता.

सवयीला कागदाचा आधार

उरला प्रश्न टिकण्याचा. चांगल्या अधिकाऱ्याची शिस्त त्याच्या आवाजात राहिली, तर त्याच्याबरोबर जाते. ती कामाच्या रचनेत उतरली, तर मागं राहते. याचं आपल्याकडचं जुनं उदाहरण 1980 च्या दशकातल्या अहमदनगरचं. जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीची मांडणीच बदलली: कोण कुठं बसेल, कोणतं काम कुणाचं, कोणता कागद कुठं सापडेल. 'लखिना पॅटर्न' राज्यभर गाजला. सहा गठ्ठे पद्धत आजही सरकारी कचेऱ्यांत ऐकू येते: चालू प्रकरणं, उत्तराची वाट बघणारी प्रकरणं, ठरावीक मुदतीची विवरणपत्रं, कायमचे आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद आणि नष्ट करायचे कागद. वाचायला रुक्ष. पण रजेवर गेलेल्या कारकुनाच्या टेबलावर दुसरा बसला तरी म्हातारीच्या पेन्शनचा कागद सापडतो, तो या रुक्षपणामुळं.

सुरतेचं गमक हेच दिसतं. झोन ही रचना होती, रोजची बैठक ही सवय होती, रुग्णांचे आकडे हा दस्तऐवज होता. नवा आयुक्त आला तरी त्याला चालती यंत्रणा मिळाली. ती बंद पाडायलाच वेगळे कष्ट पडले असते. आणि मूलभूत कामं रोज आपोआप होऊ लागली की संस्थेच्या डोक्यात पुढच्या विचाराला जागा होते. ज्या महापालिकेचा सगळा दिवस तुंबलेल्या गटारावर जातो, तिला गटाराचं पाणी गिरणीला विकायचं सुचत नाही. बमरोलीचा प्रकल्प उभा राहिला तेव्हा गिऱ्हाईक शेजारी होतं, गरज रोजची होती आणि पाणीही रोजचं होतं. हे तीन धागे जोडायला निवांत डोकं लागलं.

हे सगळं आपल्या ऑफिसात, दुकानात, सोसायटीच्या कमिटीत किती उतरलं आहे हे तपासायला सल्लागार नेमायची गरज नाही. आठ दिवस रजा टाका आणि फोन खरोखर बंद ठेवा. परत आल्यावर तीन गोष्टी बघा. तुमच्या सहीसाठी काय काय अडून राहिलं: तेवढे अधिकार अजून खाली गेलेले नाहीत. कोणती वाईट बातमी तुम्हाला उशिरा कळली: तिथं कुणीतरी तुम्हाला घाबरतं. आणि कोणतं काम फक्त एकाच माणसाला जमत असल्यामुळं थांबलं: ते अजून कागदावर आलेलं नाही. काहीच अडलं नसेल, तर मनाला थोडं लागेल. पण पगार ज्या कामाचा घेता, ते तुम्ही चोख केलेलं आहे.